होऊ घातलेले गुरुजी

प्रेरणादायी शिक्षक होण्याची इच्छा धाराशिव जिल्ह्यात साधारण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला कलेक्टर व्हायचं असतं आणि तिसऱ्या वर्षी तलाठी. या दोहोंच्या मध्ये जे काही महिने मन मोकळं असतं, त्यात ही इच्छा शिरते. तिचे दोन भाग पडतात, 'शिक्षक' आणि 'प्रेरणादायी'. पहिल्या भागासाठी सरकारने परीक्षा, पोर्टल आणि रकाने ठेवले आहेत. दुसऱ्यासाठी काहीच ठेवलेलं नाही. त्यामुळे तो भाग विद्यार्थी स्वतःच्या हिमतीवर पार पाडतो, आणि बहुतेक वेळा सुरुवातच तिथून करतो.

या इच्छेला जिल्हा अनुकूल आहे. जानेवारी २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातले शंभरावर मागास जिल्हे निवडले आणि त्यांना मागास म्हणायचं सोडून 'आकांक्षित' म्हणायला सुरुवात केली. महाराष्ट्रातून त्यात चार जिल्हे आले : नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि तेव्हाचं उस्मानाबाद. पुढे २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. आकांक्षा तीच राहिली. या कार्यक्रमात शंभरपैकी ३० गुण शिक्षणाला आहेत. म्हणजे परंड्याचा किंवा लोहाऱ्याचा एखादा पोरगा 'मला मास्तर व्हायचंय' म्हणतो, तेव्हा तो नकळत नीती आयोगाला हातभार लावत असतो. घरी हे सांगून उपयोग होत नाही. घरच्यांचं म्हणणं एवढंच की सोयाबीन काढायला आलंय, आधी तिकडं हातभार लाव.

उगम शोधत गेलं तर तो बहुधा पाचवीच्या निबंधात सापडतो. 'माझे आवडते शिक्षक' हा निबंध वर्गातली चाळीसही मुलं एकाच गाइडातून उतरवतात. त्यातले सर उंच असतात, गोरे असतात, पांढरेशुभ्र कपडे घालतात, कधी रागवत नाहीत आणि हसतखेळत गणित शिकवतात. वह्या तपासणारे सर सावळे आणि बुटके असतात, आणि गणिताच्या तासाला त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नसतं. ते त्या परक्या गोऱ्या माणसाची स्तुती चाळीस वेळा वाचतात, लाल शाईने ऱ्हस्वदीर्घ सुधारतात आणि दहापैकी सात गुण देतात.

दुसरा उगम म्हणजे स्वयंशासन दिन. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस १९६२ पासून शिक्षक दिन म्हणून साजरा होतो, आणि त्या दिवशी, ५ सप्टेंबरला, दहावीची मुलं शिक्षक होतात. मुली आईची ठेवणीतली साडी नेसून येतात, मुलं शर्ट इन करून येतात. वर्गातला सगळ्यात दांडगा पोरगा शिपाई होतो, कारण घंटा त्याच्या ताब्यात येणार असते. खरे शिक्षक त्या दिवशी स्टाफरूममध्ये पोहे खातात. पाचवीच्या वर्गावर गेलेला दहावीचा 'सर' पस्तीस मिनिटांचा धडा चार मिनिटांत संपवतो. उरलेली एकतीस मिनिटं तो 'गप्प बसा' या एकाच घटकावर घेतो. एवढ्या वेळात वर्ग एकदाच शांत होतो : हेडमास्तर खिडकीशी येऊन उभे राहतात तेव्हा. शिकवणाऱ्याची पाठ खिडकीकडे असते, त्यामुळे ही शांतता आपल्यामुळेच झाली असा त्याचा समज होतो. या समजालाच पुढे अध्यापनाची ओढ म्हणतात.

महाविद्यालयात ओढीला रूप येतं. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर रोज सकाळी एक वाक्य आणि खाली अब्दुल कलामांचं नाव. त्यातली किती वाक्यं कलाम खरंच म्हणाले असतील याची चौकशी कुणी करत नाही. बोलण्यात 'मित्रांनो' वाढतं. 'तारे जमीं पर' २००७ चा, म्हणजे आजच्या विद्यार्थ्याला कळू लागण्याच्या आधीचा. पण तो मोबाइलवर बघून होतो आणि शिक्षकाने एकदा तरी जोकराच्या वेशात वर्गात जायला पाहिजे असं वाटू लागतं. मुख्य लक्षण मात्र निराळंच. होऊ घातलेल्या गुरुजींच्या डोळ्यांपुढे पहिला प्रसंग येतो तो निरोप समारंभाचा. बदली झालेली आहे, गाव वेशीपर्यंत आलेलं आहे, बाया पदर डोळ्यांना लावतायत, एक लहान पोरगी शर्टाचं टोक सोडत नाही. रुजू होण्याचा प्रसंग अजून कल्पिलेला नसतो. कल्पनेतल्या या वर्गात हजेरी घ्यावी लागत नाही, खिचडीचा तांदूळ मोजावा लागत नाही, आणि 'सर, ह्यानं माझं पेन घेतलं' म्हणणारंही कुणी नसतं.

आदर्शांची आसपास वानवा नाही. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला निजामाच्या काळात राष्ट्रीय शाळा निघाली होती. तिथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक आले. संन्यास घेतल्यावर ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि हैदराबाद संस्थानच्या मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांच्याकडे गेलं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मोकळं झालं. नांदेडचं विद्यापीठ आज त्यांच्या नावाने आहे. शाळामास्तराने काय करून दाखवावं याचं यापेक्षा मोठं उदाहरण मराठवाड्यात मिळायचं नाही, पण होऊ घातलेल्या गुरुजींना ते झेपत नाही. प्रेरणा द्यायची ती कुणाच्या विरुद्ध, हाच प्रश्न पडतो. निजाम तर राहिला नाही. आहेत ते केंद्रप्रमुख.

त्यापेक्षा नरहर कुरुंदकर जवळचे वाटतात. कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाले आणि पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. या वाक्याचा पूर्वार्ध धाराशिवच्या प्रत्येक अभ्यासिकेत पाठ आहे. निकालाच्या संध्याकाळी तो हटकून निघतो. नापास होणाऱ्या त्या तरुणाचं वाचन किती होतं, हा मजकूर मात्र निकालाच्या संध्याकाळी कुणी काढत नाही, आणि काढूही नये.

सगळी घडी विस्कटली ती ३ डिसेंबर २०२० ला. त्या दिवशी लंडनहून बातमी आली की माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. बक्षीस १० लाख डॉलर, म्हणजे सात कोटी रुपयांच्या वर. डिसले बार्शीचे, आणि बार्शी म्हणजे जिल्ह्याची हद्द ओलांडली की लागणारं गाव. निम्म्या धाराशिवची खरेदी तिथे होते. आधी ते इंजिनिअरिंगला गेले होते, ते सोडून शिक्षक झाले. पुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवून त्यांनी मुलांच्या हाती धडे आणि कविता दिल्या, आणि पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरही असे कोड आले. जे बाप 'मास्तरकीत काय ठेवलंय' म्हणत होते, ते दोन दिवस गप्प झाले. तिसऱ्या दिवशी कळलं की डिसल्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकायचं जाहीर केलं आहे. पारावर यावर झालेल्या चर्चेचा निष्कर्ष असा निघाला की माणूस थोर आहे, पण आपल्या पोराला बक्षीस मिळालं तर आधी घरी विचारायचं.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. आधी ते एका वर्षात व्हायचं आणि शिक्षक तेवढेच तयार व्हायचे. मुलींच्या बाबतीत मधल्या सुट्टीत स्थळं येतात. 'आम्ही नोकरी करू देऊ' असं वरपक्ष सांगतो, आणि त्यातल्या 'करू देऊ'वर मुलीला प्रशिक्षणातलं चिकित्सक विचाराचं कौशल्य प्रथमच वापरता येतं. बाकी प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे सूक्ष्म अध्यापन. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं चुका ऐकायच्या, बारा मिनिटांत पाठ पुन्हा रचायचा, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचं, सहा मिनिटं पुन्हा ऐकायचं. असं छत्तीस मिनिटांचं चक्र असतं. समोर मुलं नसतात, बी.एड.चेच सहकारी आठवीची मुलं होऊन बसतात. दाढी राखलेला, दोन लेकरांचा बाप असलेला इसम बोट वर करून 'बाई, मी सांगू?' म्हणतो. त्याचं उत्तर नेहमी बरोबर असतं. पाठ टाचणात ते आधीच लिहिलेलं असतं आणि टाचण त्यानेच उतरवून दिलेलं असतं.

अडचण खऱ्या शाळेत येते. पाठाची सुरुवात प्रस्तावनेच्या प्रश्नांनी करायची आणि मुलांना हळूहळू विषयापर्यंत आणून सोडायचं, ही पद्धत हर्बार्टच्या पंचपदीपासून चालत आलेली आहे. समजा पाठ दह्याचा आहे, वर्ग आठवीचा आणि गाव भूम तालुक्यातलं. टाचणात पहिला प्रश्न : सकाळी उठल्यावर तुम्ही काय पिता? अपेक्षित उत्तर : दूध. वर्ग म्हणतो, 'चहा.' हरकत नाही. चहात काय घालता? अपेक्षित : दूध. वर्ग म्हणतो, 'गूळ.' 'साखर.' 'आमच्यात कोराच असतोय, दूध डेअरीला जातंय.' होऊ घातलेले गुरुजी घाम पुसतात आणि दूध स्वतःच वर्गात आणतात. बरं, दुधापासून काय तयार होतं? अपेक्षित : दही.

'खवाऽऽ!'

भूम आणि वाशीकडच्या मुलांना हा प्रश्न विचारायचा म्हणजे सराफाच्या पोराला पिवळा धातू कोणता म्हणून विचारण्यासारखं आहे. कुंथलगिरीचा पेढा उगीच प्रसिद्ध नाही. आसपासच्या गावांत खव्याच्या भट्ट्या आहेत आणि वर्गातली निम्मी पोरं पहाटे भट्टीशी बसून आलेली असतात. मग वर्ग सुटतो. एका किलोला किती दूध लागतं यावर वाद होतो. म्हशीचं असलं तर चार लिटर, नाही पाच, फॅट बघावं लागतं, गाईचा खवा पिवळा पडतो. कढईच्या बुडाला लागू नये म्हणून हात कसा फिरवायचा हे एक पोरगी उभी राहून, दोन्ही हातांनी खुरपणं धरल्यासारखं करून दाखवते. एरवी मागच्या भिंतीला टेकून झोपणारा पोरगा लाकडापेक्षा गॅसवर खवा का परवडत नाही हे आकडेमोड करून सांगतो, आणि ती बरोबर असते. गुरुजींना यातलं काही ठाऊक नसतं, म्हणून तेही तोंड उघडं टाकून ऐकतात. अख्ख्या वर्षात या वर्गात इतकं शिक्षण झालेलं नसतं. इतक्यात मागे बसलेले निरीक्षक प्राध्यापक खाकरतात. गुरुजी भानावर येतात, फळ्याकडे वळतात आणि टाचणातलं हेतुकथन वाचतात : 'मुलांनो, आज आपण दही कसे तयार होते ते शिकणार आहोत.' वर्ग पुन्हा झोपतो. निरीक्षण वहीत शेरा पडतो : 'प्रस्तावना लांबली. फलक लेखन सुधारावे.' मधल्या दहा मिनिटांसाठी वहीत रकाना नसतो.

'प्रेरणा' मात्र अभ्यासक्रमात आहे. तो एक घटक आहे. आंतरिक प्रेरणा, बाह्य प्रेरणा, आणि मॅस्लोने १९४३ मध्ये मांडलेली गरजांची श्रेणी : तळाशी अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग माया, मग मान, आणि अगदी वर आत्माविष्कार. खालची पायरी भागल्याशिवाय माणूस वरची चढत नाही, असा साधारण सिद्धांत. जो पोरगा शिक्षणाचं चित्र बदलायला निघाला होता, तो अभ्यासिकेत 'खालून वर असुमामाआ, खालून वर असुमामाआ' असं घोकताना आढळतो. अन्न, सुरक्षा, माया, मान आणि आत्माविष्कार यांची आद्याक्षरं त्याने स्वतः जुळवलेली असतात. पाठांतराची अशी युक्ती हीच त्याची अध्यापनातली पहिली स्वतंत्र निर्मिती.

पदवी हाती आली की परीक्षा सुरू होतात. टीईटी ही पात्रता परीक्षा, १५० गुणांची. त्यात खुल्या गटाला ६० टक्के लागतात. तिच्यातून पार पडलेल्यांसाठी टेट, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला छत्तीस सेकंद. पहिली टेट २०१७ च्या डिसेंबरात झाली आणि दुसरी थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात कित्येकांची बुद्धिमत्ता तशीच राहिली पण वय निघून गेलं. या दोन नावांनी गावात जो घोटाळा केला आहे, तो असा :

'काय करायलास सध्या?'

'टीईटी झाली, तात्या. आता टेट द्यायलाव.'

'म्हंजी पुन्यांदा तीच?'

'तीच न्हाई. ती टीईटी होती. ही टेट हाय.'

'तेच म्हणायलाव की. नापास झालास व्हय?'

तुळजापूरला जाऊन येणं, गळ्यात कवड्यांच्या माळेचा एक मणी बांधणं हे आलंच. त्याखेरीज पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक आणि पोस्ट यांचे अर्ज भरून ठेवलेले असतात. प्रेरणादायी शिक्षक, नाही तर वनरक्षक. दोन्हींत वाढत्या रोपांशीच संबंध येतो, असं एका बाजूने म्हणता येतं.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही टीईटी उत्तीर्ण व्हायला हवं. ज्यांच्या सेवेची पाचच्या आत वर्षं उरली आहेत त्यांना सूट, बाकीच्यांना दोन वर्षांची मुदत. हा निकाल योग्य की अयोग्य याची चर्चा संघटना करतील. होऊ घातलेल्या गुरुजींच्या आयुष्यात त्याने जे दृश्य आणलं ते कुठल्याही नाटककाराला सुचलं नसतं. परीक्षा केंद्राच्या फाटकाशी तो हॉलतिकीट आणि दोन काळी पेनं घेऊन उभा आहे, आणि समोरून हॉलतिकीट घेऊन येतायत ते त्याचे चौथीचे गुरुजी. तेच, ज्यांच्यामुळे तो या वाटेला लागला. वाकून नमस्कार करायचा की नंबर विचारायचा, हे क्षणभर सुचत नाही.

'गुरुजी, तुम्ही?'

'व्हय बाबा. आमालाबी आलीय आता.' मग जरा जवळ येऊन, हलक्या आवाजात : 'ते पियाजेचं किती गुणांना येतंय रे? अवस्था चार की पाच?'

'चार, गुरुजी.'

'शाब्बास,' गुरुजी म्हणतात. सवयीने.

त्या फाटकाशी त्याच्या पाठीवर पडलेला हात पंधरा वर्षांपूर्वी पाढे म्हणून दाखवल्यावर पडला होता तोच असतो. हे कुठे लिहून ठेवावं असं त्याला वाटत नाही, कारण बालमानसशास्त्राचे ३० प्रश्न डोक्यात असतात.

ज्यांना सरकारी वाट लांबची वाटते ते खाजगी संस्थेकडे वळतात. तिथली भाषा शिकावी लागते. 'विनाअनुदानित' म्हणजे काम आहे, पगार नाही. 'अंशतः अनुदानित' म्हणजे काम तेच, पगार वीस टक्के. मग आंदोलन, मग चाळीस टक्के. 'तासिका तत्त्वावर' म्हणजे महाविद्यालयात प्राध्यापक म्हणवून घ्यायचं आणि मिळकत घड्याळ लावून मोजायची. सुट्टीत घड्याळ बंद. मॅस्लोने ही व्यवस्था पाहिली असती तर सिद्धांत दुरुस्त केला असता. इथे शिक्षक एकदम वरच्या पायरीवर, आत्माविष्कारावर, रुजू होतो आणि अन्नपाण्याच्या पायरीपर्यंत टप्प्याटप्प्याने खाली उतरत येतो.

नशीब असेल तर पवित्र पोर्टलवर नाव लागतं. 'पवित्र' हे भरतीच्या संगणकीय प्रणालीचं नाव आहे. पसंतीक्रमात पहिला स्वतःचा तालुका, दुसरा शेजारचा, मग जिल्हा, मग मराठवाडा, आणि शेवटी हात थरथरत कोकण. कोकणातल्या जिल्हा परिषदांच्या शाळा मराठवाड्याच्या मास्तरांनी किती काळापासून सांभाळल्या आहेत, हे तिथल्या कुठल्याही गावात विचारावं. परंड्याच्या माणसाने जन्मात पाहिला नसेल एवढा पाऊस तो जून महिन्यात पाहतो. ज्वारीचं पीठ गावाहून येतं आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला बुरशी धरते. मुलांची बोली त्याला कळत नाही, त्याची मुलांना कळत नाही, आणि 'काय करायलास?' असं त्याने विचारलं की वर्ग हसतो. निरोप समारंभाची कल्पना इथे पहिल्यांदा उपयोगी पडते, कारण पहिल्याच दिवसापासून तो आंतरजिल्हा बदलीचे नियम वाचत असतो.

गावातच नेमणूक झाली तर पाऊस नाही, बाकी सगळं तेच. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढायची. प्राथमिकला मानधन पूर्वी महिना ६,००० रुपये होतं, २०२३ पासून १६,००० झालं. मार्च २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांचा पोशाख ठरवला : फिकट शर्ट, गडद पँट, जीन्स आणि टी-शर्ट नको. त्याच आदेशात डॉक्टरांना जसं 'डॉ.' तसं शिक्षकांना नावामागे 'टि.' लावता येईल असं सांगितलं. निबंधातले पांढरेशुभ्र कपडे अखेर शासन निर्णयात आले म्हणायचे. उंची आणि रंग यांबद्दल अजून आदेश नाही. सकाळी तांदूळ मोजायचा, दुपारी माहिती पोर्टलवर भरायची, रेंज नसेल तर चिंचेखाली जाऊन भरायची, मतदार यादीसाठी घरोघर फिरायचं, आणि 'तात्काळ' असा मेसेज गटावर आला की अंगठ्याचं चित्र पाठवायचं. या सगळ्यातून वेळ काढून गुरुजी एके दिवशी, जय्यत तयारीने, ते भाषण करतात. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून मनात घोळलेलं : स्वप्नं, जिद्द, हिप्परगा, परितेवाडी. वर्ग खरोखर शांत होतो. या वेळी खिडकीत कुणी नसतं; गुरुजी वळून बघून घेतात. मग पहिल्या बाकावरचं चौथीतलं पोरगं बोट वर करतं.

'सर, तुमी परमनंट हायेत का?'

शिक्षण सेवकाला परमनंट व्हायला तीन वर्षं लागतात. तोवर ते पोरगं सातवीत गेलेलं असतं.